पहिल्यांदाच फिजिओथेरपीला जाताय? आखडलेल्या खांद्याच्या निमित्ताने सविस्तर उत्तर

प्रश्न बडोद्याच्याच एका सूनबाईंचा आहे. थोडक्यात असा: "सासूबाई ६३ वर्षांच्या. डायबेटिस जुना आहे, गोळ्या चालू आहेत. गेले ४ महिने उजवा खांदा आखडलाय. हात मागे जात नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून फ्रोझन शोल्डर सांगितलं आणि फिजिओथेरपी लिहून दिली. आमच्या घरात याआधी कुणी गेलेलं नाही. किती सिटिंग लागतात? खूप दुखवतात का? मशीन कोणतं चांगलं? सासरे म्हणतात, आधी मालीशवाल्याकडे दाखवू. आणि नवरात्रापर्यंत हात मोकळा होईल का?"

मी बडोद्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि बरीच वर्षं रोज हेच काम करते. दुखणं खांद्याचं असो, गुडघ्याचं असो की कमरेचं, नवीन पेशंट साधारण हेच प्रश्न घेऊन येतात. म्हणून उत्तर सासूबाईंना धरून देते, पण पहिल्यांदा जाणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं.

जाण्याआधी घरी एक काम करा. सासूबाईंना विचारा, की हात सुटला तर सगळ्यात आधी काय करायचंय? "दुखणं जाऊ दे" एवढ्यावर सोडू नका, ते तर सगळ्यांनाच हवं असतं. जरा खोदून विचारा. अंबाडा आपला आपण घालायचाय? वरच्या फळीवरचा कणकेचा डबा काढायचाय? दोरीवर चादर टाकायचीय? रात्री एकदाही न उठता झोपायचंय? यातल्या दोन-तीन गोष्टी कागदावर लिहा आणि पहिल्या दिवशी तो कागद फिजिओथेरपिस्टच्या हातात द्या. माझ्याकडे पेशंट आला की केसपेपरवर सर्वात वर मी हेच लिहिते. दुखणं आज कमी, उद्या जास्त असं होतच राहतं. झोप नीट झाली नाही, घरात काळजीचं काही असलं, तरी ते वाढतं. त्यामुळे "किती टक्के बरं वाटतंय?" या प्रश्नाचं उत्तर रोज बदलतं. अंबाडा घालता आला की नाही, हे मात्र बदलत नाही. उपचार लागू पडतोय का, हे कळण्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. शिवाय व्यायाम कोणते द्यायचे तेही त्यावरूनच ठरतं. डबा काढायला हात पुढून वर जायला हवा, हुक लावायला मागे वळायला हवा. दोन्हींसाठी ताण वेगवेगळ्या दिशेने द्यावा लागतो.

आता पहिल्या दिवशी काय होतं ते सांगते. चांगल्या ठिकाणी पहिली भेट अर्धा-पाऊण तास चालते आणि त्यातला बराच वेळ बोलण्यात आणि तपासण्यात जातो. काही पेशंटना याची चुळबुळ होते. "मॅडम, शेक कधी देणार?" असं विचारतात. पण त्या दिवसाचं खरं काम तपासणी हेच असतं. दुखणं कधी सुरू झालं, कुठे पडणं-झडणं झालं होतं का, रात्री जाग येते का, बोटांना मुंग्या येतात का, थायरॉइड आहे का, शुगरचे शेवटचे आकडे काय, हे सगळं विचारलं जाईल. मग खांदा उघडा करून दोन्ही बाजू शेजारी शेजारी बघितल्या जातील.

फ्रोझन शोल्डरमधली एक तपासणी तुम्ही मुद्दाम लक्ष देऊन पाहा, कारण पुढच्या सगळ्या उपचाराचा पाया तीच आहे. पेशंटला बसवून कोपर कमरेला चिकटवायचं, ९० अंशात वाकवायचं आणि पंजा बाहेरच्या बाजूला नेऊन बघायचा. आधी पेशंटने स्वतः न्यायचा, मग तिने हात सैल सोडायचा आणि आम्ही न्यायचा. चांगला हात सहज ५०-६० अंश बाहेर जातो. फ्रोझन शोल्डरमध्ये तो पेशंटच्या जोराने जात नाही आणि आमच्या हातानेही जात नाही, वाटेतच घट्ट अडतो. खांद्याचा स्नायू फाटला असेल तर चित्र उलटं दिसतं. पेशंटला स्वतःला हात उचलता येत नाही, पण आम्ही उचलला तर बराचसा जातो. बाहेरून दोन्ही दुखणी सारखीच वाटतात, "हात वर होत नाही" हीच तक्रार असते, पण उपचार वेगळे. म्हणूनच आल्या आल्या खांद्याला हात न लावता पाच मिनिटांत कुणी मशीनच्या वायरी चिकटवल्या, तर शांतपणे म्हणा, "आधी तपासून घ्याल का?" यात उद्धटपणा काही नाही. तपासणीचे अंश लिहून ठेवायला सांगा, म्हणजे तीन आठवड्यांनी ताडून बघता येतात.

सासूबाईंच्या खांद्यात घडलंय काय, हे त्यांनाही समजलं पाहिजे. सांध्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते. ती सैल असते म्हणूनच खांदा इतका चहूकडे फिरतो. काही जणांमध्ये तिला सूज येते आणि मग ती जाड होऊन आटते, पहिल्या धुण्यात आटलेल्या ब्लाउजसारखी. असं नेमकं का होतं याचा पुरता उलगडा झालेला नाही, पण मधुमेहींमध्ये ते इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं आणि त्यांना सुटायलाही वेळ जास्त लागतो. थायरॉइडवाल्यांमध्येही दिसतं. एक्स-रे बहुधा चांगलाच येतो, त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग आई उगाच कण्हतेय" असं घरात कुणी म्हणत असेल, तर त्यांना हे जरूर वाचायला द्या. हे दुखणं पूर्ण खरं आहे, आणि रात्रीचं तर फार वाईट असतं.

त्याचे साधारण तीन टप्पे असतात. पहिल्यात दुखणं जास्त आणि आखडणं हळूहळू वाढत जाणारं. दुसऱ्यात दुखणं उतरतं, पण हात घट्टच. तिसऱ्यात हात हळूहळू सुटतो. मिळून वर्ष ते तीन वर्षं लागू शकतात. हे ऐकून घाबरू नका. याचा अर्थ तीन वर्षं सिटिंग घ्यायचं असा नाही. रोजची कामं त्याच्या कितीतरी आधी जमू लागतात.

आता "दुखवतात का?" हा प्रश्न. बडोद्यात अजूनही पक्की समजूत आहे, की खांदा एकदा जोर लावून "मोकळा करून" घ्यावा, पेशंट ओरडला तरी चालेल. मला हे ऐकून मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात म्हाताऱ्या माणसांचे विनाकारण हाल होतात. २००४ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ७७ रुग्ण होते. एका गटाला दुखण्याच्या पुढे जाऊन जोरदार ताण दिला. दुसऱ्याला सगळं समजावून सांगितलं, दुखण्याच्या आतले व्यायाम दिले आणि सोसेल तेवढी कामं करू दिली. दोन वर्षांनी सौम्य गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता, जोरदार गटात ६३ टक्के. दुखऱ्या टप्प्यात ओढाताण केली की सूज आणखी चिडते. सासूबाईंना रात्री जाग येते म्हणजे त्या अजून या टप्प्यातून पुरत्या बाहेर आलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी ताण हलका हवा. धरून ठेवायचं तेही थोडेच सेकंद, पण दिवसातून दोन-तीनदा.

म्हणजे अजिबात दुखणार नाही असंही नाही. मी पेशंटना एक माप देते. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही, असं धरलं तर व्यायाम करताना चारपर्यंत दुखलं तर चालेल. ते थोड्या वेळात उतरलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा कालच्यापेक्षा जास्त दुखता कामा नये. सकाळी जास्त दुखला तर आदल्या दिवशी जास्त झालं. व्यायाम बंद करायचा नाही, निम्म्यावर आणायचा आणि पुढच्या भेटीत सांगायचं. हे सांगणं फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडच्या बायका, विशेषतः सासूबाईंच्या वयाच्या, टेबलावर पडून डोळ्यांतून पाणी आलं तरी "चालेल, चालेल" म्हणतात. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून सोसतात. त्यांना आधीच सांगून ठेवा, की "थांबा" म्हणायचा त्यांचा हक्क आहे.

मशीनबद्दल मी स्पष्टच लिहिते. आयएफटी आणि टेन्स (दोन्ही कातडीवरून हलका विजेचा करंट देणारी), अल्ट्रासाउंड, डायथर्मी (आत खोलवर शेक देणारं), मेणाचा शेक, लेझर ही सगळी मशीनं मी वापरली आहेत. टेन्स, आयएफटी आणि शेकाने काही जणांचं दुखणं थोडा वेळ हलकं होतं, आणि त्या वेळात व्यायाम बरा जमतो. त्यांचा उपयोग तेवढाच. आटलेली पिशवी करंटने सैल होत नाही, अशक्त मांडी करंटने मजबूत होत नाही. तेव्हा "कोणतं मशीन चांगलं?" याऐवजी "मशीननंतर काय करायचं?" हे विचारा. कुठे वीस मिनिटं मशीन आणि दोन मिनिटं व्यायाम होत असतील, तर पैसे चुकीच्या गोष्टीसाठी जातायत. आणि काही गोष्टी न विचारताच सांगायच्या: पेसमेकर असेल तर, शरीरात कुठे रॉड, प्लेट किंवा स्क्रू असेल तर, कॅन्सरचा उपचार चालू असेल किंवा झालेला असेल तर, आणि तरुण मुलींनी गरोदरपणाची शक्यता असेल तर. यातल्या प्रत्येकात काही मशीनं वर्ज्य असतात.

सासूबाईंना डायबेटिस आहे म्हणून शेकाचं वेगळं सांगते. जुन्या डायबेटिसमध्ये कातडीला गरम-गार नीट कळेनासं होतं, पायाला जास्त, कधी हातालाही. गरम पाण्याच्या पिशवीने भाजून फोड आलेले पेशंट येतात, आणि भाजताना त्यांना कळलेलंही नसतं. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटांवर ठेवू नका, तिच्यावर झोपू नका आणि मधे एकदा उचलून कातडी बघा.

सिटिंग किती? आकडा छातीठोकपणे पहिल्याच दिवशी सांगणाऱ्यापेक्षा तपासून, दोन आठवड्यांनी परत मोजून सांगणारा बरा. तरी अंदाज द्यायचा तर एक चांगला दाखला आहे. २०२० साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या ५०३ फ्रोझन शोल्डरच्या रुग्णांचा अभ्यास आला. एका गटाला सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि ठरवून दिलेली फिजिओथेरपी, दुसऱ्याला भूल देऊन खांदा हलवून सोडवणं, तिसऱ्याला दुर्बिणीतून ऑपरेशन. वर्षअखेर तिन्ही गटांत पेशंटला जाणवेल असा मोठा फरक राहिला नाही. यातली फिजिओथेरपी होती १२ आठवड्यांत १२ भेटींपर्यंत, आणि बाकी सगळं घरी. आपल्याकडे मात्र "रोज या, महिनाभर" असा रिवाज पडला आहे. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस, लकवा, किंवा घरी करून घेणारं कुणीच नाही, अशा वेळी रोज येणं योग्यच. पण चालत्या-फिरत्या, समजूतदार माणसाला आठवड्यातून दोनदा येऊन घरी रोज केलेलं बहुधा पुरतं. तीस सिटिंगचं पॅकेज पहिल्याच दिवशी आगाऊ भरू नका. चार-पाच भेटींचे पैसे द्या, मग लिहून ठेवलेले अंश आणि तो कामांचा कागद समोर ठेवून पुढचं ठरवा. विमा असेल तर आधी कंपनीला विचारा, कारण बऱ्याच पॉलिसींत ऑपरेशनशी संबंध नसलेली बाहेरची फिजिओथेरपी धरत नाहीत. खासगीचा खर्च झेपत नसेल तर सयाजी हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपीचा विभाग आहे. गर्दी असते, थांबावं लागतं, पण दाखवायला संकोच करू नका.

इंजेक्शनविषयी डॉक्टरांशी बोलून घ्या. दुखऱ्या टप्प्यात त्याने दुखणं लवकर उतरतं आणि व्यायाम सोपे होतात. मात्र मधुमेहींमध्ये त्यानंतर काही दिवस शुगर वाढते. म्हणून शुगर बघणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवायचं आणि त्या दिवसांत घरी मोजत राहायचं.

आता घरचे व्यायाम. हे वाचून थेट सुरू करू नका, आधी तपासणी होऊ द्या. पण बहुधा यांतलेच मिळतील, आणि त्यात कुठे चुकतं ते सांगून ठेवते.

पहिला, हात लोंबता सोडण्याचा. डावा हात टेबलावर टेकवून पुढे वाकायचं, उजवा हात सैल लोंबू द्यायचा आणि अंगाला हलका झोका द्यायचा, की हात आपोआप हलतो. जवळजवळ प्रत्येक जण इथे चुकतो, तो हातच जोराने गोल गोल फिरवतो. त्याने खांद्याचे स्नायू आवळतात आणि व्यायामाचा हेतूच जातो. हात मेल्यासारखा सोडा, हलू दे फक्त कंबर.

दुसरा, टेबलावर सरकवण्याचा. जेवणाच्या टेबलापाशी बसून तळहाताखाली नॅपकिन ठेवायचा आणि पुढे वाकत हात सरकवत न्यायचा. नेता नेता आपला खांदा कानाकडे चढत असेल, तर तिथेच थांबायचं.

तिसरा, काठीचा, आणि फ्रोझन शोल्डरमध्ये माझ्या मते सगळ्यात मोलाचा. पाठीवर झोपा, उजव्या कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, कोपर अंगाशी. दोन्ही हातांत लांब छत्री आडवी धरा. डाव्या हाताने छत्री उजवीकडे ढकला, म्हणजे उजवा पंजा बाहेर जाईल. ओढ लागली की थांबा, पाच मोजा, परत या. कोपर अंगापासून सुटलं की व्यायाम वाया गेला, म्हणून पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसून कोपराकडे लक्ष ठेवा. असं दहादा, सकाळी आणि संध्याकाळी. दुखणं उतरलं की पाचाचे वीस मोजायचे.

भिंतीवर बोटं चढवणं, टॉवेलने हात पाठीमागे वर ओढणं, दारावरची पुली, हे सगळं नंतर येतं. टॉवेलचा व्यायाम शेजारणीने सांगितला म्हणून आत्ता करू नका. हात मागे वळवणं सगळ्यात शेवटी सुटतं आणि सगळ्यात लवकर चिडतं.

रात्रीसाठी: डाव्या कुशीवर झोपून छातीशी जाड उशी घ्यायची आणि उजवा हात तिच्यावर ठेवायचा, म्हणजे तो पुढे लोंबत नाही. उताणं झोपलं तर उजव्या कोपराखाली छोटी उशी. एवढ्यानेच काही जणींना पहिल्यांदा सलग झोप लागते. आणि घरात हिंचका असेल, तर उठताना उजव्या हाताने साखळी धरून अंग ओढायचं नाही.

घरकामाचं काय? "आई, तुम्ही आता काही करू नका" हे प्रेमापोटी म्हटलं जातं, पण हात गळ्यात बांधल्यासारखा ठेवला की तो आणखी आखडतो. कणीक मळणं, पोळ्या लाटणं, ओटा पुसणं, केस विंचरायचा प्रयत्न करणं, हे सगळं सोसेल तेवढं चालू ठेवा. पाण्याची भरलेली बादली, गॅसची टाकी आणि बसच्या दांडीला लोंबकळणं तेवढं नको.

सासऱ्यांच्या मालीशवाल्याबद्दल. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. जुम्मादादा व्यायाममंदिर ही जुनी तालीम आणि ती चालवणारे प्रा. माणिकराव यांच्या या गावात अंग कमावणं, अंग रगडणं याचा मान मोठा आहे, आणि व्यायामाने शरीर दुरुस्त होतं हे इथल्या जुन्या माणसांना वेगळं शिकवावं लागत नाही. हलक्या हाताने तेल लावून घेतलं, बरं वाटलं, तर काहीच बिघडत नाही. झटका देऊन सांधा "बसवायला" मात्र माझी ठाम ना आहे. फ्रोझन शोल्डरमध्ये सांधा निखळलेलाच नसतो, मग बसवायचं काय? साठीनंतर हाडं ठिसूळ असू शकतात आणि झटक्याने दंडाचं हाड मोडू शकतं. हा धोका सासऱ्यांना समोर बसवून नीट सांगा, ते ऐकतील.

फिजिओथेरपिस्ट निवडताना बीपीटी किंवा एमपीटी (फिजिओथेरपीची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी) झालेला हवा. महिन्याभराचा कोर्स करून मशीन चालवणारेही पाटी लावतात. गुजरातमध्ये फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे, नोंदणी आहे का असं विचारायला हरकत नसते. खांदा तपासायचा म्हणजे पदर आणि बाही बाजूला करावी लागणार, म्हणून सासूबाईंना संकोच वाटत असेल तर स्त्री फिजिओथेरपिस्ट मागा, नाहीतर तुम्ही पडद्याआड त्यांच्याजवळ उभ्या राहा. पुढून बटणं असलेला सैल गाऊन किंवा बिनबाह्यांचा ब्लाउज आणि वर ओढणी असं घालून न्या. डोक्यावरून काढायचा कुडता नको, तो काढतानाच त्यांना कळ लागेल.

ज्यांच्या घरात खांद्याऐवजी दुसरं काही आहे, त्यांच्यासाठी थोडंसं. कंबरदुखीचे पेशंट एमआरआय घेऊन येतात आणि "गादी सरकलीय" म्हणून वाकायलाही घाबरतात. काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले, तर विशीतल्या साधारण ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये मणक्यातली गादी फुगलेली दिसते. रिपोर्टमधला प्रत्येक शब्द म्हणजे तुमचं दुखणं नव्हे. गुडघे झिजलेल्यांनी मांडीचे व्यायाम आणि वजन या दोन्हींवर लक्ष द्यावं. एक किलो वजन उतरलं, की चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. गुडघा बदललेला असेल तर पोटरीखाली लोड चालेल, पण गुडघ्याखाली उशी घेऊन पडू नका. त्या क्षणी बरं वाटतं, पण गुडघा वाकडाच राहतो आणि मग चाल कायमची लंगडी होते. लकव्याच्या पेशंटला उठवताना लुळा हात कधीही ओढू नका, खांदा निखळतो. कमरेला किंवा पाठीमागून खांद्याच्या फऱ्याला आधार द्या.

आणि काही खुणा दिसल्या तर फिजिओथेरपी थांबवून आधी डॉक्टर गाठायचे. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासावरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधली जागा बधीर झाली, तर त्याच रात्री हॉस्पिटल. दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, कोणत्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर. ऑपरेशननंतर एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप. खांदा आणि हात दुखून छातीत दडपण, घाम, मळमळ असेल तर तो खांदा नाही, हृदय असू शकतं. मधुमेहींमध्ये तर हार्ट अटॅक फारसं न दुखताही येतो, हे सासूबाईंच्या बाबतीत लक्षात ठेवा.

राहिलं नवरात्र. पूर्ण हात मोकळा होईल, अगदी पाठीमागे हुक लावण्यापर्यंत, असं वचन मी देणार नाही. पण तीनेक महिने हातात असतील आणि घरचे व्यायाम नेमाने झाले, तर रात्रीची झोप आणि छातीपर्यंतची कामं यांत चांगला फरक पडायला हरकत नाही. सोसायटीच्या गरब्यात टाळी छातीसमोर वाजते, तिला हात पूर्ण वर जावा लागत नाही. सासूबाई एक-दोन फेऱ्या नक्की घेऊ शकतील, फक्त हात उंच झोकून देणाऱ्या स्टेप्स पोरींना करू देत. घटावर रोज माळ बांधायला मात्र हात डोक्याच्या वर लागतो. तेव्हा घट या वर्षी थोडा खालच्या चौरंगावर मांडा, किंवा माळ त्यांनी ओवावी आणि तुम्ही बांधावी.

पहिल्या दिवशी एक्स-रे, शुगरचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि तो कामांचा कागद घेऊन जा. उपाशी नेऊ नका, हलकं खाऊन तास-दीड तासाने न्या आणि पर्समध्ये बिस्किटं ठेवा. बाहेर बाकावर बसून राहू नका, तपासणीला आत चला. व्यायाम शिकवून झाले की परवानगी विचारून सासूबाई करत असतानाच मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या, चेहरा नको, खांदा आणि कोपर दिसेल असा. दोन दिवसांनी "छत्री डावीकडे ढकलायची की उजवीकडे?" असा प्रश्न येतो, तेव्हा तो बघता येतो.